अडतीस टक्क्यांवर काढलेला फोन

तीर्थरूप राजाआक्का, मुक्काम निपाणी, हिला धाकट्या नागोजीचा वाकून नमस्कार. (कंबर जेवढी वाकते तेवढाच. बाकीचा मनानं वाकलो असं समजून घे.) इकडं गुंजीला घरची सगळी बरी आहेत. तुझ्या भावजयीचा, अंबुबाईचा, गुडघा दुखतोय, पण तोंडाला काय झालेलं न्हाय, म्हणजे तब्येत चांगलीच म्हणायची. दाजींचा खोकला गेला का? तुझी शुगर कशी आहे? शेंगाची पोळी खाऊन वर गोळी घ्यायची तुझी सवय अजून आहे का, हे मात्र विचारत न्हाय, कारण सध्या आपण एकमेकांशी बोलत न्हाय.

घरात फोन असताना नागोजी पत्र कशाला लिहितोय असं तू म्हणशील. याला कारण मी न्हाय, चार्जर आहे. विषय एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकतो. आपल्या गावची लक्ष्मीची जत्रा बारा वर्षांनी भरतीय, आजपासून पंधराव्या दिवशी मंगळवारी. घरची पहिली ओटी थोरल्या माहेरवाशिणीच्या हातची, आणि तिला आवतण भावानंच द्यायचं, हे तुला ठाऊक आहे. ते द्यायलाच मी तुला फोन करणार होतो. तो का झाला न्हाय याची हकिकत लई मोठी आहे. चष्मा लाव.

माघात तुझ्या नातवाच्या बारशाला मी आलतो तिथनं हे सुरू झालं. माझा फोन तुझ्या बाहेरच्या सोप्यातल्या प्लगाला लावलेला होता. स्वयंपाकघरातला प्लग बिघडलाय म्हणून तू मिक्सर घेऊन बाहेर आलीस, आणि एका शब्दानं न विचारता माझा फोन अडतीस टक्क्यांवर काढून, चार्जर खिडकीत सारून चटणी फिरवायला लागलीस. (अडतीस हा आकडा मी मरेपर्यंत विसरणार न्हाय.) मी म्हणालो, भावापेक्षा चटणी मोठी झाली व्हय? तू म्हणालीस, चटणी निदान कामाला तरी येते. चार बायका हसल्या. मग मी ते उंबऱ्याचं बोललो, परत पाय ठेवणार न्हाय वगैरे, आणि तू म्हणालीस, नको ठेवूस. मी वाढलेल्या पानावरनं उठलो, खिडकीतला पांढरा चार्जर उचलला आणि तरातरा स्टँडवर गेलो. बेळगाव येईपर्यंत पोटात कावळे ओरडत होते, पण खिडकीतनं भज्यांकडं बघितलंसुद्धा न्हाय. माणसानं रागावलं की नीट रागवावं.

घरी येऊन फोन लावला, तर जिथं रोज ‘जलद चार्जिंग’ असं लिहून यायचं तिथं नुसतं ‘चार्जिंग’, आणि पुढं पाच तास चाळीस मिनिटं. मला वाटलं, बसमध्ये बसून फोनपण थकला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. शेवटी मष्णूच्या रक्षाला हाक मारली. (शेजारचा मष्णू गं, तुझ्या लग्नात पत्रावळीवरनं भांडलेला. त्याची ही लेक. बेळगावात डिप्लोमाला आहे, हुशार पोरगी, बापावर गेली न्हाय.) तिनं चार्जर डोळ्यापाशी धरून वरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, आप्पा, हा तुमचा न्हाय. म्हणजे मी तुझा जुना चार्जर उचलून आणलेला, आणि माझा नवाकोरा फास्ट चार्जर तुझ्या खिडकीत राहिलेला!

पुढं तिनं जे सांगितलं ते ऐक, तुलापण ठाऊक असावं. फोन चार्जरला लावला की करंट लगेच जोरात सुटत न्हाय. आधी ती दोघं आपापसात बोलतात. फोन विचारतो, बाबा रे, किती व्होल्ट देशील, किती अँपियर देशील? चार्जर आपली ताकद सांगतो. मग फोनला झेपेल तेवढं दोघांत ठरतं, आणि तासाभरात काम फत्ते. पण चार्जरला ती भाषाच येत नसेल, तर फोन त्याच्या नादी लागत न्हाय. साधे पाच व्होल्ट घेतो आणि दिवसभर थेंब थेंब भरत बसतो. म्हणजे दोघंही धडधाकट, बिघाड कुणातच न्हाय, बोलणं झालं न्हाय एवढंच. (हे ऐकताना अंबुबाई माझ्याकडं का टक लावून बघत होती, मला कळलं न्हाय.) माझा दांडगा चार्जर लावून तुझा फोन जळेल अशी मला मनातनं भीती होती, तेपण विचारून घेतलं. जळत न्हाय. चार्जर कितीबी दांडगा असू दे, फोन आपल्याला झेपेल तेवढंच घेतो. तेव्हा बिनघोर वापर.

आता तुझ्याकडं माझा चार्जर माग, असं अंबुबाई म्हणाली. मी म्हणालो, मरेन पण मागणार न्हाय. बेळगावच्या उद्यमबागेत छत्तीस वर्षं फौंड्रीत लोखंड ओतलंय, एवढ्याशा फोनात करंट ओतायला मला बहिणीची गरज न्हाय. मष्णूकडनं एक फास्ट चार्जर मागून आणला. तरी घोडं अडलंच! रक्षा म्हणाली, चार्जर चांगला आहे, पण ही बाजारातली बारीक वायर आहे, हिच्यातनं तेवढा करंट जात न्हाय. मग जाड वायर आणली. आणि बघ आक्का, ‘जलद चार्जिंग’ अशी अक्षरं उमटली तेव्हा मी दाराशी येऊन ओरडलो. मष्णूला वाटलं, मला नातू झाला.

पण ते अर्धा तासच. ऊन कडक, वर पत्रा, फोन तव्यासारखा तापला आणि चार्जिंग परत मंदावलं. फोन तापला की बॅटरी जपायला तो आपणहून करंट कमी मागतो, हे रक्षानं नंतर सांगितलं. तेव्हा ती कॉलेजात होती, आणि मी अडून बसणारा माणूस न्हाय. तापलेल्या वस्तूचं काय करायचं हे मला कुणी शिकवायचं? माझी सगळी नोकरी साच्याच्या वाळूत गेली. लोखंडाचा रस पोटात घेऊन जी वाळू हूं का चूं करत न्हाय, तिला फोन म्हणजे काय! माठाखालची ओली, गार वाळू पाटीत घेतली, साच्यात बसवतात तसा फोन आडवा बसवला, वरनं वाळू टाकली आणि हातानं छान ठोकून घेतली. वायर तेवढी बाहेर. इतकं सुबक काम मी रिटायर झाल्यापासनं केलं नव्हतं. अंबुबाईनं विचारलं, काय पुरलंसा? मी म्हणालो, तुला न्हाय कळायचं.

खरोखरच कळलं न्हाय, कुणालाच. दहा मिनिटांनी फोन बाहेर काढला तो गार होता, एकदम गार, आणि काळा. भोकात वाळू, स्पीकरात वाळू, पाण्याचा थेंबबी आत गेलेला. रक्षानं आधी कपाळावर हात मारला, मग दोन दिवस फोन बंद ठेवून वाळवला, लाकडी काडीनं हळूहळू वाळू टोकरून काढली. (आवाज अजून जरा दळण दळल्यासारखा येतो.) पण जिवंत झाला. आता मी फोन खिडकीत वाऱ्याला ठेवून लावतो, आणि लावल्यावर त्याला हात लावत न्हाय. निम्मा बघता बघता भरतो, ऐंशीच्या पुढं मात्र रांगतो. रक्षाला वाटलं, मी परत चिडणार. पण हे मला तिच्याआधी कळलं होतं. साचा भरत आला की ओतणारा हात आवरता घेतो, न्हायतर रस उसळून अंगावर येतो. शेवटचं भरणं सावकाशच असतं. त्यावर मी कधी चिडलो न्हाय.

तर अशी ही सगळी भानगड चार्जरमुळं झाली आणि फोन राहून गेला. कधी वाळू, कधी वायर, कधी करंट गेला, कधी रेंज न्हाय. माझी इच्छा पहिल्यापासनं होती. हे पत्र म्हणजेच आवतण समज. दाजींना, सुनेला, नातवाला घेऊन आदल्या दिवशी, सोमवारीच ये. खण आणि नारळ आणून ठेवलेत. तुला हिरवा रंग चालतो ना?

तुझा धाकटा भाऊ,
नागोजी

ता.क. १ : येताना माझा चार्जर आण. कुणाच्या हातनं धाडू नकोस, आजकाल माणसं भरवशाची न्हाईत. तुझा इथं नीट पुसून ठेवलाय. तोबी मी कुणाकडं देणार न्हाय, तुझा तू येऊन ने.

ता.क. २ : वर एक खोटं लिहिलंय. फोन नीट होऊन आज नऊ दिवस झाले. रेंजपण आहे. रोज सकाळी शंभर टक्के करतो, तुझं नाव काढतो, एक रिंग जाते न जाते तोवर कापतो. पानावरनं उठून आलेला माणूस पहिला शब्द कुठला बोलतो, ते मला ठाऊक न्हाय. चुकलं माझं, आक्का. मागच्या जत्रेला आई होती. पुढच्या जत्रेला तू चौऱ्याऐंशीची असशील, आणि मी असेन का न्हाय कुणास ठाऊक. तू आली न्हाईस तर आपल्या घरची ओटी दुसऱ्या कुणाच्या हातनं मी भरू देणार न्हाय, हे अंबुबाईला सांगून बसलोय. ती म्हणाली, हे मला काय सांगताय, त्यांना सांगा. म्हणून हे पत्र.

ता.क. ३ : जत्रेची चटणी तूच कर. आमच्याबी स्वयंपाकघरात प्लग न्हाय, मिक्सर सोप्यातच लावावा लागतो. तिथं माझा फोन असेल. कितीबी टक्क्यांवर असू दे, न विचारता काढ.