कोल्हापूरच्या कल्हईवाल्याचा जबाब

३ मार्च १९५८
स्टेशनवर पहिला दिवस. प्रोबेशनरी सब-इन्स्पेक्टर! चामराजपेटेतून युनिफॉर्म घालून सायकलवर निघालो, तर शेजारची अक्का ओरडली, "पोलीसअण्णा, आमचं मांजर गेलंय, स्वल्प शोधा की!" सगळी गल्ली हसली.
दफेदार रंगप्पा मला शिकवणार. वीस वर्षं सर्व्हिस. पोलीस ट्रेनिंग कॉलेजात लिहून घेतलेल्या नोट्स त्यांना दाखवल्या. म्हणाले, छान अक्षर.

६ मार्च
राजाजीनगरला एका घरातली चांदीची समई गेली. त्या सकाळी तिथं भांड्यांना कल्हई करून गेलेला माणूस आणलाय. गोविंदा. महिन्यापूर्वी कोल्हापूरहून इकडं कानडी मुलखात आला. मराठीशिवाय काही येत नाही, आणि स्टेशनात मराठी येणारा मी एकटा. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले, "यू आर युजफुल." फार बरं वाटलं.
रंगप्पा: "तोंडावर नाही, स्वामी. तोंड कोर्टात जातं. तळपायावर."
पाय मी धरले. धरताना गुडघा टेकवायचा असतो, नाहीतर सुटतात. शिकलो.

७ मार्च
कोर्ट. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, पोलिसांनी मारलं का? दुभाष्या मीच. गोविंदानं सगळं सांगितलं. छडी, तळपाय, मी पाय धरले तेसुद्धा. इन्स्पेक्टर साहेब माझ्या मागेच उभे.
म्हटलं, "नो कम्प्लेंट, सर."
"एवढा वेळ बोलला तो?"
"बायको गावाला एकटी आहे, सर. तिची काळजी."
गोविंदानं मला हात जोडले. पाच दिवस पोलीस कोठडी.
परतताना साहेबांनी मसाला डोसा खिलवला. "क्विक लर्नर." दोन खाल्ले.

१० मार्च
अजून कबूल नाही. उजव्या हाताची तीन बोटं. मोडताना फूटपट्टीसारखा आवाज येतो. मी नव्हतो धरायला.
होतो.

११ मार्च
समई सापडली. घरमालक स्वतः आले सांगायला. मुलीनं पूजेला सासरी नेलेली, सांगायचं राहिलं. लाजून हसले. "सोडून टाका की त्याला आता."
ते गेल्यावर साहेब: "आणि बोटं? उद्या कोर्टात, पळताना पडला. तो काय पाहिजे ते बोलू दे. इंग्लिशमध्ये सांगणार तू."
माझं कन्फर्मेशन त्यांच्याच रिपोर्टवर.

संध्याकाळी
कोर्टातल्या एका कारकुनाला मराठी येतं म्हणे. उद्या ताप आला सांगून घरी राहायचं ठरवलं, म्हणजे दुभाष्या तो. गोविंदाला गजांतून म्हटलं, उद्या दुसरे साहेब येतील, त्यांना सांग सगळं.
घाबरलाच. "नको साहेब, तुम्हीच या. दुसऱ्याचा काय भरवसा? मागल्या खेपेला तुम्ही सगळं सांगितलंत, त्या जज्जालाच दया आली नाही. इथं हुकमाचे ताबेदार तुम्ही, कळतं मला."
हात पुढे केला. सुजून काळा. "हे पण सांगा."
बरं, म्हटलं.

१२ मार्च, सकाळ
ताप नाही. आईनं कपाळाला हात लावून बघितलं. साडेदहाला कोर्ट.
इंग्लिशमधली दोन्ही वाक्यं पाठ केलीत, साहेबांचं आणि गोविंदाचं.