उडत्या घोड्याच्या मूकपटाचा सापडलेला भाग सर्वांसमोर दाखवण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
जुने चित्रपट जतन कार्यालय,
सभागृहाची इमारत, तळमजला.

विषय : सदर मूकपट सभागृहात निदान एकदा दाखवावा, ही विनंती.

संदर्भ : १) सभागृहाच्या दारावरील आपली सूचना. २) माझा मागील अर्ज. ३) ‘अर्जदाराशी दूरध्वनीवर वारंवार संपर्क साधूनही प्रतिसाद न मिळाल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे’ हे आपले पत्र.

महोदय,

१. प्रथम संदर्भ क्र. ३ बाबत खुलासा करतो. लहानपणी आलेल्या तापापासून मी पूर्ण बहिरा आहे. मागील अर्जाच्या पहिल्याच ओळीत तसे नमूद केले होते. आपण फोन केलात याबद्दल आभारी आहे. तो वाजला असेलच. मी आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासल्या. आता निवृत्त असून एकटा राहतो.

२. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्या सभागृहात मूकपट दाखवत असत. मी व माझी पत्नी तो खेळ सहसा चुकवत नसू. बोलपटाला गेलो की पडद्यावरचे बोलणे ती बिचारी माझ्या तळहातावर बोटाने लिहीत बसे, आणि स्वतः तिला अर्धा सिनेमा कळत नसे. मूकपटाला मात्र तिच्या हातांना सुट्टी. मांडीवर हात ठेवून, पाय लांब करून ती ऐटीत बसायची. तेवढ्यापुरते सभागृहातले सगळेच माझ्यासारखे होत. शिवाय तेथील खुर्च्या एकाच लाकडी पट्टीवर ठोकलेल्या आहेत. रांगेत कोणी हसले की ते माझ्या पाठीला कळे. एरवी लोक हसताना मला फक्त दिसतात.

३. उडत्या घोड्याचा मूकपट आम्ही अनेकदा पाहिला. त्यात राक्षस राजकन्येला विहिरीत टाकतो. पुढच्याच दृश्यात ती राजवाड्याच्या गच्चीवर ओल्या केसांनी उभी असते. मधला भाग हरवला होता. तेथे ‘हा भाग उपलब्ध नाही’ अशी आपली पाटी येई. तिला बाहेर कोणी काढले, यावर आमच्या घरात कायमचा वाद होता. मी म्हणे घोड्याने. पत्नी म्हणे राक्षसानेच. “त्याचे डोळे बघा की पहिल्यापासून,” असे ती माझ्या हातावर लिही. राक्षस तो राक्षसच, असे माझे म्हणणे. हा वाद जेवताना झाला, प्रवासात झाला, इस्पितळातही झाला. मागील वर्षी पत्नी वारली. वाद तसाच राहिला.

४. त्यानंतरही मी एकटा येत राहिलो. मग आपली सूचना लागली : हरवलेला भाग सापडला, संपूर्ण चित्रपट स्वच्छ करून त्याची डीव्हीडी विक्रीस आली, व तो आता सर्वांना घरबसल्या पाहता येणार असल्याने सभागृहातील खेळ बंद करण्यात येत आहेत. परगावी असलेल्या माझ्या मुलानेही हेच कळवले : “बाबा, बरं झालं, आता घरबसल्या बघा.” महोदय, घरबसल्या हा शब्द ज्यांना सुखाचा वाटतो, ते घरी फार बसत नसावेत.

५. मी डीव्हीडी आणली. आपल्या कामात नाव ठेवायला जागा नाही. रात्रीचे प्रसंग निळे दिसतात, घोड्याच्या पंखांची पिसे वेगवेगळी दिसतात. वेष्टनावर नवीन संगीताची स्तुती आहे. त्याबाबत माझे काही म्हणणे नाही. सापडलेल्या भागात राक्षस स्वतः विहिरीत उतरतो. भिजून त्याची कागदी शिंगे मऊ पडतात. राजकन्येला खांद्यावर घेऊन तो वर येतो, तिला काठावर ठेवतो आणि तोंड फिरवून निघून जातो. पत्नीचे बरोबर होते. ते तिला सांगायला मी डावीकडे हात केला. तिथे भिंत होती. मी चित्र तिथेच थांबवले. पुढचे पाहवले नाही.

६. शेजाऱ्यांना बोलावून पाहिले. ते सज्जन आहेत, आले. “छान आहे हो, पण अजून किती वेळ आहे?” असे विचारून मोबाइल पाहू लागले. त्यांचा दोष नाही. त्यांनी त्या भागाची कधी वाट पाहिली नव्हती. वाट पाहणारे सभागृहात असत : एक लिफ्टमन, दिवे गेले की झोपणाऱ्या एक निवृत्त परिचारिका, शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या दोघी बहिणी. त्यांची नावे, घरे मला ठाऊक नाहीत. पाठी ठाऊक आहेत. त्यांची चौकशी करायला मी आपल्या कार्यालयात आलो. लिपिक संगणकाकडे तोंड करून बोलत होते, त्यामुळे ओठ दिसेनात. वर पाहण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर लिहिले : ‘घरी बघा.’

७. नाइलाजाने मी आपल्या फाटकासमोरील खांबावर माझा पत्ता व रविवारची वेळ लिहून कागद चिकटवला. आपल्या पहारेकऱ्याने तो फाडला. मी पुन्हा चिकटवला. याबद्दल क्षमा असावी. गेल्या रविवारी बहिणींपैकी धाकट्या आल्या. एकट्याच. “ताई उन्हाळ्यात गेली,” असे म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बसल्या. राक्षस विहिरीत उतरला तशी त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग मला ओठ नीट दिसावेत म्हणून पूर्ण वळल्या आणि म्हणाल्या, “मी ताईला सारखी सांगायचे, घोडा येणार बघ. ती ऐकायचीच नाही.” त्यानंतर आम्ही दोघा हरलेल्या माणसांनी पुढचा चित्रपट शेवटपर्यंत पाहिला.

८. सबब विनंती की, सभागृहात एक खेळ लावावा. डीव्हीडी मी घेऊन येईन. ते शक्य नसल्यास माझा कागद आपल्या दारावर, आतल्या बाजूने का होईना, लावू द्यावा. तेही नियमात बसत नसल्यास खुर्च्यांची एक रांग मला द्यावी. पलंग काढला तर ती खोलीत मावते. मी खाली झोपेन.

९. यापैकी काहीच मंजूर होण्यासारखे नसेल तर शेवटचे लिहितो. ज्यांनी हा भाग शोधून, धुऊन, जोडून काढला त्यांनी तो बंद खोलीत एकट्यानेच पाहिला असेल, असे मला वाटते. ते आपण असाल किंवा आपल्या हाताखालचे कोणी. त्यांनी येत्या रविवारी दुपारी चारला यावे. धाकट्या बहीणबाई येणार आहेत. दार नुसते लोटलेले असेल. बेल वाजवत उभे राहू नये, सरळ आत यावे.

आपला नम्र प्रेक्षक,
(सही)
चष्म्याच्या काचा घासणारा, निवृत्त

दिनांक : ९ नोव्हेंबर

सोबत : कार्यालयापासून माझ्या घरापर्यंतचा रस्ता, कागदावर काढून.