करडांची ओरड

मी, कोंडिबा रखमाजी ढेबे, वय अदमासे बावन्न, धंदा शेती व शेळ्या, राहणार मौजे हिर्डोशी, संस्थान भोर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दाबाखाली नसताना हे मृत्युपत्र गंगाधरपंत कारकुनांकडून लिहवून घेत आहे. छातीत कळा येतात, म्हणून घाई.

१. घर, भाताचं खाचर आणि नाचणीचं रान पत्नी सोजराबाईला. तिच्या माघारी मुलगी चंद्राबाईला.

२. शेळ्या चंद्राबाईला आत्ताच. माझा भाऊ सोनबा निम्म्या मागेल. त्याने माझा बोकड बाजारात विकला आणि वाघाने नेला म्हणून सांगितलं. त्याने आपला वाटा वाघाकडे मागावा.

३. माझं लढाईचं पदकही सोनबालाच द्यावं. त्याला त्याचा फार सोस. पण ते कसं मिळालं, हे आधी वाचून दाखवावं.

सन १९१७, तुर्कांशी लढाई, बसऱ्याच्या पुढचा मुलूख. आदल्या दिवशी कामथडीचा गेनू माझ्याशेजारी गोळी लागून मेला होता. संध्याकाळी समोरच्या खळगीतून धूर दिसला. हत्यार नसलेल्या वस्तीवर तोफ डागायची नाही, असा लढाईचा कायदा. म्हणून सुभेदारांनी मला पुढे नेलं.

"कोंडिबा, तू धनगर. कान दे. गनीम हाय का गाव?"

शेळ्या चरून परतत होत्या आणि कोंडलेली करडं आयांसाठी ओरडत होती. लढणारा माणूस करडं कोंडून धारेची वेळ सांभाळत बसत नाही. तिथे बायकापोरं होती. मला ते आमच्या वाडीत कळावं तितकं स्वच्छ कळलं.

मी म्हणालो, "मानसं हायती, साहेब. लई हायती."

एवढंच बोललो. गेनू मेल्याचा राग होता. तोफा सुटल्या आणि करडं गप्प झाली. सकाळी एक म्हातारी धारेचं भांडं मांडीत घेऊन बसलेली दिसली. बाकीचं सांगवत नाही. हत्यार एकही सापडलं नाही. तरी गनीम हुडकला म्हणून हे पदक मला मिळालं. सुभेदारांना बोल नाही, त्यांनी विचारलं होतं. पाप माझं आहे.

पंत म्हणाले, "हे मृत्युपत्रात बसत नाही." म्हटलं, बसवा.

४. मुलगा बाजी याला काही ठेवलेलं नाही. रागाने नव्हे. साक्षीदाराला वाटा दिला की पुढे कज्जे होतात, असं पंत म्हणतात, आणि मला साक्षीदार बाजीच हवा. माझं पदक बघत तो मोठा झाला आणि पलटणीत गेला. परवा रजा संपून तो लढाईवर जायला नसरापुरास मोटार धरील. तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही. सही करायची तर त्याला हे वाचावंच लागेल. बाजी, शेळ्यांमागे तूही हिंडला आहेस. तुलाही ऐकू येईल.

मुक्काम भोर, ता. १२ जानेवारी १९४१.

कोंडिबा रखमाजी ढेबे, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार:
१. गंगाधर विनायक कानिटकर, दस्तूर खुद्द.
२. बाजी कोंडिबा ढेबे. मजकूर दोनदा वाचून सही केली. आबा, मला कुणी विचारलं नाही तरी सांगीन.