झाबेताची जाई

११ मे, रविवार

पिवळी! दारावरची जाई पिवळी पडतेय. काल संध्याकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा वाटलं, उजेडाचा खेळ असेल. सकाळी शिडी लावून पाहिलं. कोवळी पानंच जास्त. मधे पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार.

झाबेताला जाऊन दहा महिने झाले. अथेन्सच्या इस्पितळात शेवटचं धड बोलली ते एवढंच — "जाई सांभाळ, मिकेस." ना लेकीचं नाव, ना माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. जाई! नवऱ्याचा नंबर वेलानंतर, हे तसं लग्नापासूनच ठरलेलं. आणि मी सांभाळली की. पाणी, शेणखत, सगळं वेळेवर. ईस्टरच्या आधी अंगणाला चुनाही तिच्यासारखाच दिला — भिंती, पायऱ्या, फरशीच्या सांधी, जाईचं खोड गुडघाभर. बादलीचा तळसुद्धा फुकट घालवला नाही. पाद्रीबाबा जाता जाता थांबून शाबास म्हणाले.

मग हिला काय झालं?

१३ मे

पानं उलटी करून पाहिली. मागं पांढऱ्या माशा — फांदी हलवली की पीठ उडावं तशा उडतात. शेंड्यांना मावा, आणि खोडावरून मुंग्यांची ये-जा. सापडला चोर! साबणाचं पाणी करून फवारलं. दुपारपर्यंत मान आखडली.

२० मे

माशा गेल्या. पिवळेपणा वाढला.

२२ मे

शेजारीण अनेझिनानं नेहमीसारखं अंगण धुतलं. फेसाचं पाणी मधल्या भिंतीच्या भोकातून थेट जाईच्या बुंध्याशी. एवढे दिवस दिसलं कसं नाही मला! भिंतीवरून ओरडलो. तिनं हातातला झाडूही थांबवला नाही.

"तीस वर्षं माझं पाणी तिकडूनच जातंय. तेव्हा नाही पिवळी पडली ती? जन्मभर बोटींची इंजिनं खोललीस ना? मग शोध की, बिघाड कुठे आहे!"

जीभ आहे की कात्री. भोक सिमेंटनं बुजवून टाकलं.

२५ मे, रविवार

झाबेता गेल्यापासून दर रविवारी भिंतीवर एक झाकलेली ताटली असायची. कधी भरलेले टोमॅटो, कधी चण्याचं कालवण. आज नव्हती. पाव आणि ऑलिव्ह खाल्ले. तसंही भूक नव्हती.

४ जून

फोतिनीचा फोन. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेला बावीस जुलैला येते म्हणाली. "बाबा, प्रसादाला वाटायच्या उकडलेल्या गव्हाचं मी बघते. कबरीवर फुलं मात्र आपल्या दारचीच हवीत हं." हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार लेकीला?

फोन ठेवून पानं झाडली. सूपभर निघाली. कळी एकही नाही. मला भीती वाटतेय. एकाच वर्षात दोघी गेल्या तर या घरात मी बोलायचं कुणाशी?

१२ जून

बंदरावर यान्नुलिसच्या खतांच्या दुकानात डहाळी नेली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून पान उजेडात धरलं.

"काका, कीड ही नंतरची. अशक्त झाडावर सगळेच चढून बसतात. हिला मातीतलं लोह घेता येत नाहीये. मुळाशी चुना गेलाय. कुणी ओतला?"

"घरात मी एकटा. कोण ओतणार?"

"मग शेजारीपाजारी विचारा!" तो थट्टेनं म्हणाला आणि लोहाची लालसर भुकटी पुडीत बांधून दिली.

चढ चढता चढता माझं डोकं तापत गेलं. अनेझिनाचं अंगणही ईस्टरलाच पांढरं झालं होतं!

१३ जून

गेलो. उंबऱ्यातूनच सुरू झालो — चुना तूच सोडलास, त्या भोकातून. झाबेताचा जीव होता त्या वेलात, आणि मैत्रीण म्हणवतेस! आणखीही बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही.

ती भांडली नाही. मी तर भांडायलाच गेलो होतो. एप्रनला हात पुसत म्हणाली, "मिकेस, ईस्टरचा चुना झाला की झाबेता उरलेली बादली घेऊन कुठे यायची?"

"तुझ्याकडे. गप्पा छाटायला."

"माझ्या परसातल्या खड्ड्यात ओतायला. दरवर्षी."

तिनं दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

१४ जून

दुखरे गुडघे सांभाळत झाबेता ती बादली न्यायची. मी खुर्चीतून ओरडायचो — कशाला नाचवतेस, ओत तिथंच, कोपऱ्यात!

यंदा मी ओतला. कोपऱ्यात. जाईच्या बुंध्याशी. बादली विसळून ते पाणीसुद्धा.

झाबेता, एकदा सांगायचं तरी होतंस.

सांगितलंही असशील.