बाबांच्या चपला

रत्नदीपदादा,
जय भीम. हे पत्र मी पाठवणार नाही. तू म्हणशील, "तुझा काय दोष?" आणि तेच मला ऐकायचं नाहीये.

सकाळी डॉक्टरांनी बाबांना हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. जमलं नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा अंगातली ताकद आणि आठवण बरोबरच जातात. मग मला विचारलं, "चालणं कधी बंद झालं?"

"आपोआप," मी म्हटलं.

खोटं बोलले, दादा. दिवाळीत ते जिन्यात पडता पडता वाचले, तेव्हा तू घोडबंदरहून फोनवर म्हणालास, "त्यांना घरीच बसव." ऑफिसात माझाही जीव टांगणीला लागायचा. मी त्यांच्या चपला माळ्यावर टाकल्या. रोज वाचनालयात पेपर वाचायला जाणारा माणूस आठवडाभर चपला शोधत होता. मग शोधायचा थांबला. मला वाटलं, सुटले!

आज घरी आल्या आल्या मी स्टुलावर चढले, माळ्यावरून त्यांच्या चपला काढल्या, पुसून दारात ठेवल्या. बाबा कितीतरी वेळ बघत राहिले. मग आत वळून हळूच म्हणाले, "स्वप्ना, चहा टाक गं. कोणीतरी आलंय."

मी टाकला.

तुझी,
स्वप्ना