गाडी हलकी झाली

१२ एप्रिल
गाडीचा एसी गेल्या उन्हाळ्यातच मेला. गॅरेजवाला म्हणाला, गॅस कधीच उडून गेलाय, दुरुस्ती करण्यात अर्थ नाही. मग मेलेलं धूड वाहायचं कशाला? मी स्वतः काढणार. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, चार नटबोल्टांना काय भ्यायचं!
हिस्केने नेहमीप्रमाणे मोडता घातला. म्हणाली, जुलैत कॅरॅव्हॅनचं अख्खं घर मागे ओढत दक्षिण फ्रान्सला जायचंय. गाडी यंदाही वाटेत रुसली तर तुझ्याबरोबरची ही माझी शेवटची सुट्टी. लग्नाला तीस वर्षं झाली, तरी बाईचा विश्वास नाही.

१४ एप्रिल, सकाळ
श्रीगणेशा. व्हिडिओ दुसऱ्याच मॉडेलचा आहे, पण इंजिन म्हणजे इंजिन. शेजारच्या डाउवेने कुंपणावरून विचारलं, बॅटरी सोडवलीस का रे? म्हटलं, अर्थात. तो आत गेल्यावर सोडवली.

१५ एप्रिल
पाऊस. पाठ धरली. (पावसामुळेच.)

१९ एप्रिल
कॉम्प्रेसर निघाला. माझ्या पायावर. आता बेल्ट ढिला पडतोय. आखूड बेल्ट लागतो म्हणे. हे व्हिडिओवाल्याने आधी सांगायला नको?

२२ एप्रिल
नवा बेल्ट बसला. एसीची पुढची जाळीही काढली. तिच्यासमोर एक विजेचा पंखा सापडला. इंजिनाला मागे एक पंखा आहेच. एका गाडीला दोन पंखे! कारखानदारांना पैसा उतू चाललाय. काढून टाकला. तीन बोल्ट उरले, म्हणजे तेही जास्तीचेच होते.

२७ एप्रिल
आमच्या डच राजाचा वाढदिवस. सगळं गाव चादरी पसरून रस्त्यावर अडगळ विकायला बसलेलं. मीही बसलो. कॉम्प्रेसरकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. पंखा मात्र डाउवेने थर्मासच्या बदल्यात नेला. दोनदा विचारलं, हारमेन, हा रेडिएटरलाही वारा घालत नव्हता ना रे? म्हटलं, डाउवे, तू जन्मभर बँकेत बसलास, हे तुझं काम नव्हे. हिस्के म्हणाली, घरात तीन थर्मास आहेत. हिला व्यवहार कळत नाही.

९ मे
समुद्राच्या बांधावरून फेरी मारली. गाडी हलकी झालीय, स्पष्ट जाणवतं. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागचा हलला नाही. खिडक्या उघड्या ठेवल्या की एसी हवाय कुणाला! हिस्के स्वेटर घालून गप्प बसली होती. पटलं असावं.

१८ जुलै, दुपार, फ्रान्स, ल्यों शहराच्या अलीकडे
सगळा हॉलंड आज याच रस्त्यावर. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतायत. अडतीस डिग्री. काटा लाल. फ्रेंच लोकांना रस्ते बांधता येत नाहीत.

तासाभराने
उपाय सापडला! हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते आणि काटा खाली उतरतो. साधं विज्ञान. हिस्केला समजावून सांगितलं. तिच्या मांडीवरचं चीज वितळलं होतं. तिने एवढंच विचारलं, तो पंखा कुठाय? मी म्हटलं, विषयाला फाटे फोडू नकोस.
ती उतरली. दोन गाड्या मागे डाउवे आणि त्याची बायको होती, तेही आमच्याच कॅम्पला निघालेले; त्यांच्याकडे चालत गेली. त्यांचा एसी चालतो.

१९ जुलै, कॅम्प
पोचलो. गाडी एकदाही बंद पडली नाही, याची कोणी दखल घेत नाही. हिस्केची खुर्ची डाउवेच्या कॅरॅव्हॅनपुढच्या तंबूत आहे, माझ्या पंख्यासमोर. त्याने तो कॅरॅव्हॅनच्या बॅटरीवर लावलाय. मोठ्या मनाने थर्मास परत देऊ केला. डाउवे म्हणाला, राजाच्या वाढदिवसाचा माल परत घेत नाहीत.
हिस्केला विचारलं, तू रागावलीस का? म्हणाली, नाही रे, राग कसला. मी परत ट्रेनने जाणार आहे, आणि पुढच्या वर्षी बहिणीबरोबर नॉर्वेला. तू जा ना फ्रान्सला, हीटर आहेच.
कॅरॅव्हॅनमध्ये येऊन दोन्ही पलंगांवर चादरी घातल्या, मग एकीची घडी केली.
ठीक आहे. परतीला शेजारची सीट रिकामी. गाडी आणखी हलकी होईल.