फ्रिजवरचा निकाल

दाजी,

फेरपरीक्षेतही पोरगी गणितात नापास झाली, म्हणून तिचा निकाल फ्रिजवर चिकटवलात. चार दिवस ती स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही, बाथरूमच्या नळाचं पाणी पिते. ताई ऐकून घेते. मी घेत नाही.

आज वायर ओढायला माळ्यावर चढलो, तर तुमच्या जुन्या ट्रंकेत तुमचाच निकाल सापडला. गणितात अकरा, फेरपरीक्षेत नऊ. वा, काय प्रगती! तिचा काढून तिथे तुमचा लावलाय. गोंद असा आहे की नखाने निघायचा नाही.

भाचीला मी माझ्या दुकानात घेऊन आलोय. तिने अजून काही पाहिलेलं नाही. संध्याकाळी या आणि स्वतःच्या तोंडाने तिला सांगा.

नाही आलात तर उद्या तुमच्या ऑफिसातले पंखे दुरुस्त करायला मीच येतोय. झेरॉक्स काढून ठेवल्यात. तिथे भिंती भरपूर आहेत.

तुमचा लाडका मेहुणा